मुलाला एकदाच विचारा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकवणाऱ्या बिनपगारी ताईलाही कायदा मोकळं सोडत नाही. २०१२ साली तिथल्या विधिमंडळाने बालअत्याचार कळवण्याच्या कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांची यादी आधीपासून होतीच, तिच्यात मुलांना शिकवणाऱ्या, खेळवणाऱ्या, सांभाळणाऱ्या संस्थांचे कर्मचारी आणि स्वयंसेवकही आले. आपल्याकडे येणाऱ्या मुलावर अत्याचार होतोय अशी वाजवी शंका आली की चोवीस तासांच्या आत कळवायचं. माहीत असून गप्प बसलं तर तो गुन्हा. संस्थेच्या प्रमुखाशी बोलायला हरकत नाही, पण प्रमुखाने त्या माहितीत कानामात्रेचाही बदल करायचा नाही, ती अडवायची नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

माझी सून अल्फारेटात अशीच शिकवते. त्यासाठी तिला कॉम्प्युटरवर एक प्रशिक्षण पुरं करावं लागलं. मुलाकडे आले की माझ्याकडे वेळच वेळ असतो, म्हणून खुर्ची ओढून मीही शेजारी बसले. नोकरीची सगळी वर्षं मी ठाणे जिल्ह्यात काढली. पोलीस उपनिरीक्षक म्हणून लागले, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू झाल्यावर आमच्या पोलीस ठाण्यात लहान मुलीचं प्रकरण आलं की 'मॅडमना बोलवा' अशी हाक पडायची, आणि ती मॅडम बहुतेक वेळा मीच असायची. प्रशिक्षणातला बराचसा भाग मला पाठ होता. एका सूचनेला मात्र मी सुनेला थांबवलं आणि ते पान परत मागे घ्यायला सांगितलं. मूल काही सांगू लागलं तर ऐकून घ्या, पण खोदून विचारू नका. तपास करणं तुमचं काम नाही.

ही एक सूचना महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत लावलेली असती, तर माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी प्रकरणांचा निकाल वेगळा लागला असता. माझ्यापर्यंत पोरगी यायची तोवर तिला आईने विचारलेलं असायचं, आजीने विचारलेलं असायचं, वर्गशिक्षिकेने आणि मुख्याध्यापिकेने विचारलेलं असायचं. कधी सोसायटीच्या सेक्रेटरीनेही. प्रत्येकाच्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं. 'त्या काकांनीच केलं ना?' पोरगी मान हलवते. पुढे दोन वर्षांनी आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

अल्फारेटा म्हणजे अटलांटाच्या उत्तरेला, जीए-४०० महामार्गालगतचं साठ-पासष्ट हजार वस्तीचं शहर. आयटी कंपन्या, नीटनेटकी घरं, आणि सकाळच्या फेरीला निघालेल्या आजी-आजोबांत तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी सगळे. या घरांमध्ये बालअत्याचाराचा विषय निघाला की पहिल्यांदा कायदा आठवत नाही, भीती आठवते. शेजारच्या एका मुलाने मला विचारलं, "काकू, इथे पोराला एक चापट मारली तरी पोलीस घेऊन जातात ना?" दोन लेकरांचा बाप, चांगला शिकलेला. बर्लिनमध्ये एका गुजराती जोडप्याची तान्ही मुलगी २०२१ मध्ये तिथल्या यंत्रणेने काढून घेतली, ते प्रकरण त्याला तपशिलासकट ठाऊक होतं. स्वतः राहतो त्या राज्याचा कायदा मात्र त्याने कधी उघडून पाहिला नव्हता. जॉर्जियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाला शारीरिक इजा होत नसेल तर शिस्तीसाठी दिलेली शारीरिक शिक्षा हा बालअत्याचार नव्हे. मला स्वतःला हे कलम अजिबात आवडत नाही. लेकराला मारायला सवलत कसली द्यायची? पण चापटीपायी पोरं उचलून नेतात ही जी दंतकथा आपल्या लोकांत फिरते, तिला या राज्यात तरी आधार नाही. आणि या दंतकथेचं नुकसान मोठं आहे. तिच्या धाकाने लोक तोंड मिटून बसतात, चापटीबद्दल नव्हे, त्याहून भयंकर गोष्टींबद्दल.

आता मूळ मुद्द्यावर येते. कळवलं की पुढे काय होतं? फोन जातो तो राज्याच्या बालकल्याण खात्याकडे. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे 'डिफॅक्स' म्हणतात. चोवीस तास उचलला जाणारा नंबर आहे. लैंगिक अत्याचार किंवा गंभीर मारहाण असेल तर स्थानिक पोलीस लगेच त्यात येतात. हद्दीचा प्रश्न इथेही असतोच. मूल राहतं एका शहरात, प्रकार घडतो दुसऱ्या काउंटीत. पण त्याचं उत्तर मुलाच्या बापाला बाकावर बसवून शोधत नाहीत. जॉर्जियाच्या प्रत्येक काउंटीत बालअत्याचाराच्या तपासाची लेखी कार्यपद्धती ठरवायला समिती असावी लागते, कायद्यानेच. तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी ती स्थापायची. तिच्यात शेरीफ, पोलीस, सरकारी वकील, डिफॅक्स, शाळा, आरोग्य खातं असे सगळे. कोणी कोणाला कधी फोन करायचा हे आधीच कागदावर असतं.

घरी जो पहिला गणवेशातला पोलीस जातो, त्याने मुलाला शक्यतो प्रश्नच विचारायचे नाहीत, अशी पद्धत आहे. कोण, कुठे, कधी, मूल आत्ता सुरक्षित आहे का, एवढंच, आणि तेही मोठ्या माणसांकडून, मुलाच्या माघारी. नंतर मुलाला नेतात चाइल्ड अॅडव्होकसी सेंटरमध्ये. फुल्टन आणि डीकाल्ब या काउंट्यांसाठी असं केंद्र अटलांटात आहे, जॉर्जिया सेंटर फॉर चाइल्ड अॅडव्होकसी. ते पोलीस ठाणं नाही, दवाखाना नाही, सरकारी कचेरीही नाही. एका साध्या खोलीत दोन खुर्च्या. एका खुर्चीत मूल, दुसरीत याच कामाचं शिक्षण घेतलेली व्यक्ती, तिला फॉरेन्सिक इंटरव्ह्यूअर म्हणतात. ती पोलीस नसते, वकीलही नसते. कॅमेरा चालू असतो. डिटेक्टिव्ह आणि डिफॅक्सचा माणूस, कधी सरकारी वकीलही, दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघत बसतात. त्यांना काही विचारायचं असेल तर ते मुलाखतकर्तीपर्यंत पोहोचवतात, योग्य वाटलं तर ती आपल्या पद्धतीने विचारते. मूल एकदाच बोलतं.

ती बोलते कशी, हे मी बारकाईने समजून घेतलं, कारण माझा सगळा जन्म त्याच कामात गेला. सुरुवात भलत्याच विषयाने होते. 'मागच्या वाढदिवसाला काय काय केलंत, पहिल्यापासून सांग.' यातून दोन गोष्टी साधतात. मुलाला सलग सांगायची सवय होते, आणि हे मूल आठवणी कशा सांगतं, किती तपशील देतं, हे विचारणाऱ्याला कळतं. मग नियम. 'माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मी चुकीचं बोलले तर मला टोक.' आणि खरंच मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून मूल टोकतं का ते पाहतात. त्यानंतरचे प्रश्न एवढेच: 'मग काय झालं?', 'त्याबद्दल अजून सांग.' नाव मुलाने घेतल्याशिवाय विचारणारी ते घेत नाही. शरीराच्या भागाला मूल जो शब्द वापरतं तोच ती वापरते. मायकल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या हजारो मुलाखती अभ्यासून ही रीत बसवली.

हे शहाणपण अमेरिकेला उपजत नव्हतं, ठेच लागून आलंय. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाले. शेकडो मुलांना बसवून, हातात बाहुल्या देऊन, 'बाकीच्यांनी सांगितलं, तू पण हुशार आहेस ना, सांग' अशा थाटात विचारण्यात आलं. मुलांनी सांगितलं. इतकं सांगितलं की त्यात भुयारं आली, आणखी काय काय आलं. १९९० पर्यंत खटले चालले, एकालाही शिक्षा झाली नाही. कुणाची आयुष्यं फुकट गेली आणि त्या गर्दीत एखादं खरं लेकरू होतं का, हे आता कोणालाच कळायचं नाही. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, अलाबामातल्या हंट्सविल इथले जिल्हा सरकारी वकील बड क्रेमर यांनी पहिलं चाइल्ड अॅडव्होकसी सेंटर उभं केलं. एकेका मुलाला पोलीस, डॉक्टर, समाजसेवक, वकील असं दारोदार हिंडवण्यापेक्षा या सगळ्यांनीच मुलाकडे यावं, ही त्यांची साधी कल्पना. हंट्सविल अल्फारेटाहून मोटारीने चारेक तासांवर आहे.

आपल्याकडे मूल किती दारं हिंडतं? शाळा. मग ठाणे अंमलदार, कारण त्याला गुन्हा दाखल करायचा तर हकिगत ऐकावीच लागते. मग महिला अधिकारी. मग सरकारी दवाखाना, तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरने हिस्ट्री घ्यायची. मग दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, ज्याला आम्ही अजून 'एकशे चौसष्टचा' म्हणतो, जरी १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम १८३ झालं. गरज पडली तर बाल कल्याण समिती. शेवटी, दोन-तीन वर्षांनी, विशेष न्यायालय. तोवर चार वर्षांची मुलगी सात वर्षांची झालेली असते.

याचा अर्थ आपला कायदा वाईट आहे असं मुळीच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झालेला पॉक्सो कलमागणिक वाचावा इतका चांगला आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल अशा जागी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मूल बोलतं त्याच शब्दांत तो लिहावा, शक्य असेल तिथे चित्रीकरण करावं. न्यायालयात मुलाला आरोपी दिसू नये, वकिलाने थेट दरडावून प्रश्न विचारू नयेत, पुन:पुन्हा बोलावू नये. माझ्या लॉकरमध्ये एक पंजाबी ड्रेस कायम ठेवलेला असायचा. पॉक्सोचं प्रकरण आलं की गणवेश उतरवायचा, ड्रेस चढवायचा, आणि पोरीच्या घरी जायचं. एवढं कलम आम्ही नक्की पाळलं. पण जबाब लिहायला सोबत रायटर असायचा, आणि रायटरची लेखणी पोलिसी मराठीतच चालते. पोरगी म्हणाली, 'दादा मला गच्चीवर घेऊन गेला.' कागदावर उतरलं, 'सदर इसमाने मला इमारतीच्या टेरेसवर नेऊन...' खटल्यात वकिलाने सात वर्षांच्या पोरीला विचारलं, 'सदर इसम म्हणजे काय, सांग बघू.' तिला कसं सांगता येणार? हे मी ठाण्याच्या एका कोर्टात मागच्या बाकावर बसून पाहिलंय.

त्याहून मोठी गोम कायद्यातच आहे आणि बाहेरच्या लोकांना ती सहसा माहीत नसते. पोलिसांनी घेतलेला जबाब न्यायालयात पुरावा धरला जात नाही. त्याचा उपयोग मुख्यतः आरोपीच्या वकिलालाच, मूल आता वेगळं सांगतंय हे दाखवण्यापुरता. म्हणजे आम्ही गणवेश उतरवून, घरी जाऊन, गोडीगुलाबीने जे लिहून आणतो, ते मुलाच्या कामी येण्यापेक्षा मुलाविरुद्ध वापरलं जाण्याचाच संभव जास्त. जितक्या वेळा विचारलं, तितक्या विसंगती आपण आरोपीच्या पदरात टाकतो. चार वर्षांचं मूल एकच गोष्ट पाच वेळा सारखी सांगत नाही. मोठी माणसंसुद्धा सांगत नाहीत. कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहातल्या मुलांचं उदाहरण घ्या. तक्रार २००१ ची, सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी धरलं, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मुलांच्या साक्षींवर विश्वास न ठेवता सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्याच साक्षींवर विश्वास ठेवून पुन्हा शिक्षा कायम केली. फुटपाथवरची पोरं. दहा वर्षं त्यांचा शब्द तराजूत वर-खाली होत राहिला.

एका गोष्टीत मात्र आपल्या कायद्याच्या चांगुलपणाचीच मला अडचण वाटत आली. पॉक्सो म्हणतो, जबाब आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या समोर घ्यावा. ऐकायला छान वाटतं. अटलांटातल्या केंद्रात आई बाहेर बसते. आईसमोर पोर आईचं तोंड बघून बोलतं. तिला रडू येईल, म्हणून निम्मं गिळतं. आणि आरोपी घरातलाच असेल, जो बहुतेक प्रकरणांत घरातला नाहीतर ओळखीतलाच असतो, तर आईचा चेहराच अर्धी उत्तरं ठरवून टाकतो. कायद्याने 'किंवा विश्वासातली व्यक्ती' अशी वाट ठेवली आहे. २०२० च्या नियमांत सपोर्ट पर्सनची तरतूदही आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल राज्यांना बजावलंही. पण प्रत्यक्षात अशी प्रशिक्षित व्यक्ती पहिल्या जबाबाच्या वेळी हजर असलेली मी क्वचितच पाहिली.

अमेरिकन डिटेक्टिव्हचं काम त्या मुलाखतीनंतर खरं सुरू होतं. मुलाने सांगितलं की खोलीत निळी चादर होती, टीव्हीवर अमुक कार्टून चालू होतं, काकांच्या फोनमध्ये फोटो आहेत. मग न्यायाधीशाकडून वॉरंट काढायचं, चादर शोधायची, ते कार्टून त्या दिवशी लागलं होतं का ते तपासायचं, फोन जप्त करायचा. इंटरनेटवरच्या छायाचित्रांबद्दलच्या सूचना १९९८ पासून एका राष्ट्रीय टिपलाइनवर येतात, त्या जॉर्जियात राज्याच्या तपास ब्युरोमार्फत खाली पोहोचतात. वैद्यकीय तपासणीवर ते फारसे विसंबत नाहीत, कारण अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीच सापडत नाही, आणि न सापडणं म्हणजे न घडणं नव्हे. आमच्याकडे मेडिकल 'निल' आलं की वरिष्ठांचा चेहरा उतरायचा. गोव्याच्या फ्रेडी पीट्स प्रकरणात १९९६ मध्ये शिक्षा झाली, त्यात मुलांच्या तोंडच्या शब्दांइतकाच घरातून जप्त झालेल्या छायाचित्रांच्या ढिगाचा भार होता. पुरावा मुलाच्या बाहेर शोधायचा, हे आपल्या पोलिसांना येत नाही असं नाही.

संशयिताच्या चौकशीत मात्र मला आपली रीत जास्त सभ्य वाटते, निदान कागदावर. इथे डिटेक्टिव्ह संशयिताला 'तुझा डीएनए सापडला' असं खोटं सांगू शकतो, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच अशा फसवणुकीला वाट करून दिली. त्यातून मिळालेला कबुलीजबाब न्यायालयात चालतो. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली इंग्रजांच्या काळापासून पुरावाच नाही. ते तसंच राहावं. आमच्या काही मित्रांना हे पटायचं नाही, पण कोठडीतल्या कबुल्या कशा निघतात ते आम्हीच जाणतो.

आणि इथल्या यंत्रणेचंही डोळे झाकून कौतुक नको. अल्फारेटाच्या शेजारच्याच ग्विनेट काउंटीत २०१३ मध्ये दहा वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवून मारलं गेलं. बापाला जन्मठेप झाली, सावत्र आईला २०१९ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा. त्या घराविषयी डिफॅक्सकडे आधी तक्रारी आलेल्या होत्या. फोन उचलला गेला, कागद फिरला, फाइल बंद झाली, आणि मुलगी राहिली तिथेच.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४. शाळेत चारेक वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार. त्यांचे पालक पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा दाखल व्हायला अकरा-बारा तास लागले. शाळेने पोलिसांना कळवलंच नाही, खरं तर पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमाने ते तिचं कर्तव्य होतं आणि न कळवणं हा एकविसाव्या कलमाने गुन्हा. शाळेच्या सीसीटीव्हीचं पंधरा दिवसांचं चित्रण सापडत नसल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, दुसऱ्या मुलीच्या कुटुंबाचा जबाब नोंदवायला लागलेल्या वेळावरून पोलिसांचे कान उपटले. विशेष तपास पथकही आलं. आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले, 'बदला पुरा'ची पोस्टर लागली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

त्या पेढ्यांचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. माणूस मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या दोन लेकरांनी जे सांगितलं ते पुराव्यावर तपासून 'खरं होतं' असं म्हणणारा निकाल त्या माणसाविरुद्ध आता कधीच लागणार नाही. आणि तो निर्दोष असता तर तेही कळणार नाही. माझ्या जुन्या खात्यातली काही मंडळी मला म्हणाली, मॅडम, लोकभावना होती. लोकभावना अकरा तास पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली होती, तेव्हा तिचा जबाब कोणी घेतला नाही.

अशा गुन्ह्यांवर उत्तर म्हणून महाराष्ट्राने याआधी काय शोधलं होतं? शक्ती विधेयक. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केलं, फाशीची तरतूद होती, तपास तीस दिवसांत संपवायची अट होती. राष्ट्रपतींच्या मंजुरीवाचून ते कायदा झालंच नाही. झालं असतं तरी पोलीस ठाण्यातलं चित्र बदललं नसतं. तीस दिवसांत तपास संपवायची घाई असलेला अधिकारी मुलाला जास्त वेळा विचारतो, कमी वेळा नाही, हे अनुभवाने सांगते.

माझी मागणी फाशीपेक्षा फार स्वस्त आहे. खोल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं की मुलं आणि इतर हळव्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात साक्ष केंद्र हवं, आणि देखरेखीला न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली. या केंद्रांत कॅमेरे आहेत, आरोपी दिसणार नाही अशी सोय आहे. पण ती उघडतात साक्षीच्या दिवशी, म्हणजे घटनेनंतर वर्षा-दोन वर्षांनी. तीच खोली घटनेनंतर दोन दिवसांत उघडा. दंडाधिकारी तिथेच बसोत, प्रशिक्षित मुलाखतकर्ती प्रश्न विचारो, तपासी अंमलदार पलीकडच्या खोलीतून बघो. पोलीस ठाण्यात फक्त मोठ्यांची फिर्याद घ्या, मुलाला तिथे आणूच नका.

आणि तेच चित्रण खटल्यात मुलाची सरतपासणी म्हणून धरा. हे मी हवेत बोलत नाही. जॉर्जियात मुलाच्या मुलाखतीचं चित्रण ज्युरीला दाखवता येतं, मुख्य अट ही की मूल उलटतपासणीसाठी उपलब्ध असावं. आरोपीचा हक्क अबाधित. आणि आपल्याकडे याचं बी आधीच पेरलेलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ च्या सहाव्या पोटकलमात, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या पीडितेचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब हीच तिची सरतपासणी मानायची, खटल्यात थेट उलटतपासणी करायची, अशी तरतूद २०१३ पासून चालत आलेली आहे. त्या वाक्यात 'अठरा वर्षांखालील बालक' एवढे तीनच शब्द घालायचे आहेत.

एका जुन्या सहकारी महिलेला मी हे फोनवर सांगितलं. ती अजून नोकरीत आहे, गणपतीच्या बंदोबस्ताची यादी करत होती. म्हणाली, "मॅडम, मुलाखतकर्ती कोण आणणार? कंत्राटी समुपदेशक तीन महिने पगार थांबला की निघून जाते." तिचं खरं आहे. म्हणून ही पदं पोलीस खात्यात नकोत आणि कंत्राटीही नकोत. महिला व बालविकास विभागात कायम पदं हवीत, जिल्ह्याला निदान दोन, कारण एक रजेवर गेली की मूल पुन्हा रायटरसमोर बसेल. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, राज्य दुरुस्ती करू शकतं, राष्ट्रपतींची मंजुरी लागेल. शक्ती विधेयकासाठी तीच वाट धरली होती, पण हे तीन शब्द त्यात नव्हते. आता घालायचे तर सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही, कोणत्याही पक्षाच्या एका आमदाराला हिवाळी अधिवेशनात अशासकीय विधेयक म्हणून ते मांडता येईल.